पोचण्यापुरतं

मोटारसायकलला स्टेपनी नसते. स्कूटरला असायची. 1972 साली आलेल्या चेतकचं दहा इंची चाक पुढं, मागं आणि स्टेपनीला एकाच मापाचं होतं. पंक्चर झालं की नट सोडायचे, चाक बदलायचं, हात पुसायचे आणि कामाला लागायचं. भोक कुठं पडलं, कशानं पडलं, केवढं पडलं, या चौकशीत शिरायचं कारण नसायचं. ती चौकशी नंतर सवडीनं पंक्चरवाला करायचा. स्टेपनीमुळं आजचं भोक उद्याच्या दुकानावर ढकलता यायचं.

मोटारसायकलवाल्याला ही सोय नाही. भोक पडलं ती जागा, ती वेळ आणि जवळची पिशवी, एवढ्यातच त्याला निकाल लावावा लागतो. माझं तर पोटच मोटारसायकलवर आहे. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हा माझा धंदा. गावात सगळे मला डॉक्टर म्हणतात आणि मीही आता कुणाला दुरुस्त करत बसत नाही. दहिवडी-म्हसवडपासून आटपाडीकडं आणि पलीकडं सांगोल्याच्या हद्दीपर्यंत पसरलेल्या वाड्यावस्त्या हा माझा भाग. वस्ती म्हणजे चार घरं, एक गोठा, आणि डांबरी संपल्यावर पुढं दोन-तीन किलोमीटरची बैलगाडीवाट.

मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कंटेनर असतं. त्यात द्रवरूप नायट्रोजन, उणे 196 अंश सेल्सिअसचा, आणि त्यात बुडवलेल्या रेताच्या कांड्या. कंटेनरचं झाकण मुद्दामच हवाबंद नसतं. आतला नायट्रोजन सतत थोडाथोडा वाफ होऊन उडत असतो, त्याला वाट मिळाली नाही तर भांडं फुटेल. म्हणून कंटेनर आडवं करायचं नाही, आणि ते वर असेपर्यंत गाडीही आडवी करायची नाही. पंक्चर झाल्यावर गाडी सरळ बांधावर झोपवायची, हा गावाकडचा झटपट उपाय मला तसाच्या तसा लागू पडत नाही.

शिवाय गाय थांबत नाही. गाईचा माज साधारण बारा ते अठरा तासांचा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा आमचा पाढा. वेळ हुकली की पुढचा माज एकवीस दिवसांनी. तेवढे दिवस गाय खाणार आणि गाभण नसणार. चारा-पेंडीचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडणार, वासरू लांबणार, दूध लांबणार. त्यामुळं टायर बसला की माझ्या डोक्यात आधी गाय येते. फोन कधी आला होता, माज कधी दिसला होता, आणि माझ्या हातात किती वेळ उरला आहे?

आमच्या रस्त्यावर एका फाट्याला चाचांचं पंक्चरचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, खांबाला टांगलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंक्चर’, दारात पाण्याचं घमेलं आणि आत धडधडणारा हवेचा कॉम्प्रेसर. माझं पंक्चरचं सगळं शिक्षण तिथल्या बाकड्यावर झालं. एकदा मी त्यांना विचारलं, तुमच्या पॅचसारखा पॅच मला रस्त्यावर का जमत नाही? चाचांनी मान वर न करता विचारलं, “डाक्टर, माझा पॅच टायर संपस्तोवर टिकायला पायजे. तुमचा कुठवर?”

माझा त्यांच्या दुकानापर्यंत. किंवा आधी गोठ्यापर्यंत आणि मग त्यांच्या दुकानापर्यंत. एवढा साधा हिशोब मी तोवर केला नव्हता, आणि त्या एका प्रश्नानं माझी पिशवी, माझा सराव आणि माझी घाई, तिन्ही जागेवर आली. चाचा ट्यूबवर कच्चं रबर ठेवून शिकंजात दाबतात आणि तापवतात. रबर गंधकासह तापवलं की चिवट होतं, हे चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडलं आणि चाचांचा तापता शिकंजा आजही त्याच्यावरच चालतो. माझ्याकडं शिकंजा नाही, वीज नाही, आणि बऱ्याचदा उजेडही नाही. त्यांच्यासारखं काम करायला गेलो तर त्यांच्याहून वाईट होणार. पोचण्यापुरतं काम नीट करायचं ठरवलं, तर ते मला जमू शकतं. पोचण्यापुरतं म्हणजे कसंतरी नव्हे. कुठवर पोचायचं, किती वेगानं, किती वजन घेऊन, हे आधी ठरवून तेवढं पक्कं करायचं.

त्यासाठी पहिल्यांदा आपल्या रस्त्यावर काय रुततं ते माहीत हवं. आमच्याकडं पाऊस कमी आणि बाभळी भरपूर. देशी बाभूळ आणि वेडी बाभूळ, दोघींचे काटे टणक. शेताला कुंपण फेसाट्यांचं, मेंढरांच्या वाड्याला कुंपण काट्यांचं. धनगरांचा वाडा हलला की काट्याकुट्या तिथंच राहतात आणि वाऱ्यानं, ट्रॅक्टरच्या चाकानं वाटेवर येतात. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले की उसाच्या बैलगाड्या रस्त्यावर येतात. बैलाच्या खुराला मारलेली पत्री झिजते आणि तिचा खिळा गळून पडतो. सराट्याचं मोटारसायकलच्या टायरपुढं फारसं चालत नाही, तो शाळेच्या पोरांच्या सायकलींना छळतो. पावसाळ्याचे मोजके दिवस मात्र सगळ्यांनाच वाईट, कारण ओलं रबर सहज कापलं जातं आणि धुऊन निघालेल्या रस्त्यावर खडी, काच, पत्रा सगळं उघडं पडतं.

खिळा आणि काटा यांचे स्वभाव वेगळे. खिळा डोकं बाहेर ठेवून बसतो, चाक एक फेरा फिरवलं की सापडतो. काटा रबरात शिरून मोडतो. बाहेरून काही दिसत नाही आणि आत टोक उभं असतं. ते न काढता नवी ट्यूब घातली, तर तीही थोड्या वेळात बसते. म्हणून खिळ्याच्या दिवसांत माझी नजर टायरच्या बाहेरच्या बाजूवर असते, काट्याच्या दिवसांत आतल्या बाजूवर. आणि दोन्ही दिवसांत बसतो बहुधा मागचाच टायर. पुढचं चाक आडवा पडलेला खिळा उडवून उभा करतं आणि मागचं त्याच्यावर जातं. त्यात माझ्या गाडीचं वजनही मागंच.

घरून निघण्यापूर्वीची तयारी कंटाळवाणी आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. हवा सकाळी, टायर गार असताना, स्वतःच्या गेजनं बघायची. गाडी चालून टायर तापला की आकडा फुगून दिसतो. हवा कमी असली की दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ते पंक्चर काट्याचंही नसतं, खिळ्याचंही नसतं, आळसाचं असतं. टायरची नक्षी झिजली की काट्याला आत पोचायला अंतरच उरत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायर किती दिवस फळीवर पडून होता, हे तेवढ्यावरून कळतं.

आता पिशवी. मी ती घरी चादरीवर पालथी केली आणि एकेका वस्तूला चाचांचा प्रश्न विचारला. फवारा मारून ट्यूब फुगवणारा डबा गेला. एकदाच चालतो, आणि चालला नाही तर हातात रिकामा डबा. ट्यूबमध्ये आधीच भरून ठेवायचं गळतीरोधक द्रवही मी घालत नाही. भोकातून ते झिरपत राहिलं की पॅचची जागा ओली होते आणि पॅच धरत नाही. राहिल्या त्या वस्तू अशा. टायर उचकटायच्या दोन लहान टॉमी, कडा गुळगुळीत घासलेल्या. एक ट्यूब, माझ्या गाडीची दोन्ही चाकं एकाच मापाची, म्हणून एकच पुरते. ती टाल्कम पावडर लावून जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेली, नाहीतर पान्यांशी घासून पिशवीतच भोकं पडतात. पॅच दोन मापांचे. सोल्यूशनची छोटी, न उघडलेली ट्यूब. एकदा उघडलेली काही महिन्यांत आतल्या आत वाळून जाते आणि हे कळतं ते दाबल्यावरच. पॉलिश पेपरचा तुकडा, व्हॉल्व्हच्या दोन पिना आणि त्या फिरवायची बारकी चावी, पक्कड, मापाचे रिंग पाने, खडू, जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा, नळीचा हातपंप, आणि डोक्याला बांधायचा टॉर्च. टॉर्च हातात धरायचा नसला की एक हात मोकळा राहतो, आणि या कामाला तीन हात असते तरी चालले असते.

शेवटी साबण आणि पाण्याची बाटली. इतरांच्या पिशवीत ती नसेल. मला पंक्चर काढून पुढं गाईजवळ जायचं असतं. ग्रीस आणि सोल्यूशन लागलेल्या हातानं कांडीला हात लावणं म्हणजे पोचूनही न पोचल्यासारखं. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे माझ्याकडं असतातच, पण ते गाईसाठी. टॉमी मारताना ते फाटतात आणि मग गोठ्यात कमी पडतात. पंक्चरला साधे रबरी मोजे वेगळे.

पिशवी भरून झाल्यावर मी अंगणात गाडी मधल्या स्टँडवर घेतली, टायरमधली हवा सोडली आणि पिशवीबाहेरच्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही असं ठरवून बसलो. त्या सरावातून पिशवीत एक वस्तू वाढली: हातभर लांबीचा पाइप. गॅरेजमध्ये अ‍ॅक्सलचा नट लांब दांड्याच्या पान्यानं आवळतात, माझ्या आखूड पान्याला तो दाद देत नाही. पान्याच्या टोकावर पाइप चढवला की देतो. दुसरा फायदा पंपाचा झाला. किती दाबांनी टायर चालण्याइतका कडक होतो, हे हाताला माहीत झालं, त्यामुळं गेज वाचता येत नसला तरी अंदाज चुकत नाही. तिसरं, सुटलेल्या वस्तू ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं कापडावर डावीकडून उजवीकडं मांडायच्या, बुश, वॉशर, नट. घाईत माणूस वस्तू विसरत नाही, क्रम विसरतो. सराव पुढं दरवर्षी पाऊस सुरू होण्याआधी करतो, आणि संध्याकाळी, उजेड जाताना करतो. दुपारी बारा वाजता छान जमलेल्या कामाची खात्री रात्री नऊला देता येत नाही.

रस्त्यावर टायर बसतो तेव्हा गाडीच आधी सांगते. मागचा बसला तर शेपटीकडून डोलायला लागते, पुढचा बसला तर हँडल जड होतं आणि एकीकडं ओढतं. अशा वेळी ब्रेक करकचून दाबायचा मोह होतो, तोच टाळायचा. हँडल सरळ, गिअर तोच, अ‍ॅक्सिलरेटर सोडून इंजिनाच्या ओढीनं वेग उतरू द्यायचा आणि कडेला यायचं. पण उगाच पुढंही जायचं नाही. बसलेल्या टायरवर गाडी रेटली की रिमवर टायर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब सरकते, आणि व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली की तिथं कुठलाच पॅच बसत नाही. दोन मिनिटांपूर्वी पॅचनं भागणारं काम आता ट्यूबवर गेलेलं असतं.

थांबल्यावर आधी कंटेनर उतरवायचं. सावलीत, सपाट जागेवर, उभं, रस्त्यापासून लांब. मग मधला स्टँड. मग चाक हळूहळू फिरवायचं आणि खिळा सापडला तर तो लगेच उपसायचा नाही. आधी त्याच्यासमोर टायरच्या बाजूवर खडूनं खूण करायची, कारण खिळा निघाला की भोक मिटतं आणि ट्यूबवर कुठं शोधायचं ते कळत नाही. ही खूण मिळाली तर अर्धं काम झालं, कारण आता चाक काढावंच लागत नाही. खुणेच्या बाजूला टायरची एकच कड टॉमीनं रिमबाहेर काढायची, त्या जागेपुरती ट्यूब ओढून बाहेर घ्यायची आणि तिथंच पॅच लावायचा. ब्रेकची सळई, अ‍ॅक्सल, बुश, कशालाच हात लागत नाही. नवी ट्यूब घालायची तर चाक काढावं लागतं. म्हणून पिशवीत ट्यूब असतानाही माझी पहिली पसंती पॅचलाच असते.

कड काढताना जोर लावणारा माणूस नवखा असतो. रिमचा मधला भाग खोलगट असतो. टॉमी जिथं लावायची त्याच्या बरोबर समोरची टायरची कड गुडघ्यानं दाबून त्या खोलगटात उतरवली की इकडं टायर सैल होतो आणि टॉमी सहज फिरते. नाही उतरवली तर टायर चिवटपणा करतो, माणूस टॉमीवर लटकतो आणि टॉमीचं टोक ट्यूबला दुसरं भोक पाडतं. घालतानाही तेच. शेवटची वीतभर कड हट्ट करायला लागली तर समजायचं, समोरची कड खोलगटातून वर आली आहे. जोर न वाढवता तिकडं जाऊन ती पुन्हा दाबायची.

पॅचच्या कामात घाई करायची जागा एकही नाही. ट्यूबवरची जुन्या साच्याची रेघ पॉलिश पेपरनं सपाट होईपर्यंत घासायची, कारण त्या रेघेखालूनच हवा वाट काढते. पुसून कोरडं करायचं. सोल्यूशन पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पातळ लावायचं आणि मग काहीच करायचं नाही. पाच मिनिटं. चमक जाऊन ते मंद दिसायला लागलं, बोटाच्या पाठीला चिकटेनासं झालं, की पॅच ठेवायचा आणि मधून कडेकडं दाबत न्यायचा. ओल्या सोल्यूशनवर ठेवलेला पॅच सरकतो. गार पॅचची सगळी मदार त्या वाळण्यावर आहे. सोल्यूशन आणि पॅचची खालची बाजू यांची एकमेकांशी रासायनिक गाठ बसायची असते, साधं चिकटणं ते नव्हे. ही पाच मिनिटं मी टायरच्या आतली बाजू तपासण्यात घालवतो. बोटानं नाही, कापडाच्या बोळ्यानं. आत काट्याचं टोक असेल तर कापडाचा धागा त्याला अडकतो, आणि बोट शाबूत राहतं. गाईला हात घालायचं काम असलेल्या माणसाला बोट जपावं लागतं.

हवेवर चालणारं चाक लोकांच्या वापरात आणणारा माणूस आमच्याच पंगतीतला होता, याचं मला उगाच बरं वाटतं. जॉन बॉइड डनलॉप बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्यानं रबरी नळीत हवा भरून ती चाकांवर बसवली आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या आधी, 1845 मध्ये, रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलेलं निघालं आणि डनलॉपचं पेटंट टिकलं नाही, पण चाक टिकलं. मात्र रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यानं नमस्कार करायचा तो मिशलँ बंधूंना. सुरुवातीचा टायर रिमला चिकटवलेला असे. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला त्यांच्या कारखान्यात एक सायकलवाला असा पंक्चर टायर घेऊन आला. तो उकलून दुरुस्त करण्यात कित्येक तास गेले आणि वर रात्रभर वाळत ठेवावा लागला. त्यातून त्यांनी रिमवरून काढता-घालता येणारा टायर बनवला. 1891 मध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची, सुमारे 1,200 किलोमीटरची सायकल शर्यत झाली, ती शार्ल तेराँनं त्या टायरांवर जिंकली. टायरला भोक पडणारच, हे त्या भावांनी मान्य केलं आणि ते वाटेत कसं निस्तरायचं यावर डोकं चालवलं. माझ्या दोन टॉमी त्याच डोक्याच्या जोरावर चालतात.

पण पोचण्यापुरतं करायचं म्हटलं की कुठं पोचता येणार नाही, तेही आधीच ठरवावं लागतं. टायरची बाजू फाटली असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून, हवा थोडी कमी ठेवून, चालण्याच्या वेगानं जवळची वस्ती गाठता येते. त्यापुढं नाही. दोन्ही ट्यूब गेल्या तर सायकलच्या टायरात गवत ठासून घरी गेलेल्या जुन्या माणसांची आठवण काढायला हरकत नाही, पण मागं नायट्रोजन असताना ते करायचं नाही. आणि सगळ्यावर एक मर्यादा वेळेची. अर्ध्या तासात चाक उभं राहण्याची चिन्हं नसतील, तर हातातली टॉमी खाली ठेवून फोन उचलायचा.

तो फोन या कसबातला सर्वांत अवघड भाग आहे. शेतकऱ्याला सांगायचं, “आप्पा, माझी गाडी बसली. मी वेळेत येत नाही. त्या पलीकडच्या डॉक्टरांना बोलवा, नंबर देतो.” पलीकडचा डॉक्टर म्हणजे माझा प्रतिस्पर्धी. भरण्याचे पैसे त्याला मिळणार, आणि गाय गाभण राहिली तर पुढच्या माजाला आप्पा कदाचित त्यालाच फोन करणार. हा फोन लांबवायला माणूस शंभर कारणं शोधतो: झालंच आता, एकच नट राहिलाय, पाच मिनिटं. गाईचं गणित मात्र नटाला विचारून चालत नाही. उरलेल्या वेळात दुसऱ्याला तिथवर पोचता आलं पाहिजे, या बेतानंच फोन करायचा असतो. उशिरा केलेला फोन म्हणजे नुसती माफी, तिचा गोठ्यात उपयोग नाही.

आमच्या भागात काही खोऱ्यांत रेंजच नसते. तिथं जाताना शेवटची रेंज असलेल्या टेकाडावर थांबून मी आधीच सांगून ठेवतो: सहा वाजेपर्यंत दिसलो नाही तर समजा मी अडकलो, आणि त्यांना बोलवा. पहिल्यांदा लोक हसले. म्हणाले, डॉक्टर निघतानाच न येण्याचं सांगतात. आता विचारतात, “कितीपर्यंत वाट बघू?” याच्याइतकी हलकी आणि कामाची वस्तू माझ्या पिशवीत दुसरी नाही. तिच्या जोडीला कुठल्या फाट्यावर कुठला पंक्चरवाला, तो दुकानामागंच राहतो की संध्याकाळी गावात जातो, बाजाराच्या दिवशी बंद असतो का, हेही डोक्यात हवं. बहुतेकांचे नंबर शेडच्या पत्र्यावर रंगवलेले असतात. जाता-येता ते फोनमध्ये भरून ठेवायला पैसे पडत नाहीत.

अलीकडं पावसाळ्यासाठी एक छोटी कार घेतली. कंटेनर तिच्यात न्यायचं तर काचा उघड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर उडणारा नायट्रोजन बंद गाडीतला प्राणवायू हटवतो. घेताना डिकी उघडली तर स्टेपनी नव्हती. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला: टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. विक्रेत्यानं हे मोठ्या सोयीची गोष्ट म्हणून सांगितलं. मी संच उघडून तारीख बघितली. त्यातल्या चिकट द्रवाला मुदत असते, साधारण चार-पाच वर्षांची, आणि ती संपल्यावर बाटली म्हणजे नुसतं ओझं. तो द्रव टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं लहान भोक बुजवतो, बाजू फाटली तर त्याचा उपयोग नाही. बुजवल्यावरही ताशी 80 किलोमीटरच्या खाली राहायचं आणि सरळ टायरवाल्याकडं जायचं, असं बाटलीवरच लिहिलेलं असतं. कार बनवणाऱ्यांनीही शेवटी पोचण्यापुरतंच दिलं, फक्त बारीक अक्षरांत.

ट्यूबलेसचं मोटारसायकलपेक्षा सोपं, एवढंच की घाई आणखी कमी. खिळा रुतलेला असेल आणि हवा हळूहळू जात असेल, तर खिळा न काढता हवा भरून दुकान गाठायचं. खिळाच त्या भोकाचं बूच असतो. गाठण्यासारखं नसेल तरच खिळा उपसायचा, कानशीसारख्या सुईनं भोक खरवडायचं, चिकट पट्टी सुईच्या डोळ्यात ओवून आत रेटायची आणि सुई झटक्यात मागं घ्यायची. या कारला जॅकही मिळाला नव्हता, तो मी घेतला, कारण भोक रस्त्याकडं तोंड करून बसलं तर चाक उचलल्याशिवाय पट्टी मारता येत नाही. धोक्याचा लाल त्रिकोण दिलेला असतो, तो गाडीमागं बराच लांब ठेवायचा. आणि बाजू फाटली असेल तर राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावायचा. तो नंबर लावण्यात कमीपणा नाही, तीही ठरवलेली हद्दच.

रस्त्यावर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांकडं जातो. ते ट्यूब बाहेर काढतात, पाण्यात बुडवतात, माझ्या पॅचच्या कडेला नख लावून बघतात. पॅच बरा असला तरी ते तो उपटतात आणि शिकंजा तापवतात. मी पैसे देतो. सुरुवातीला वाटायचं, एवढं घासून-पुसून, पाच मिनिटं वाळवून लावलेलं काम असं उपटून का टाकावं? मग कळलं, त्या पॅचचं काम आदल्या रात्री गोठ्यात संपलेलं असतं. पॅच ठेवून दिला तर मी त्याच्यावर आणखी चार दिवस जाईन, मग महिना, आणि ज्या दिवशी तो सुटेल तो दिवस माझ्या हिशोबात नसेल.

चाचांचा शिकंजा तापेपर्यंत मी बाकड्यावर बसून पिशवी उघडतो. वापरलेल्या पॅचच्या जागी नवा, फोडलेल्या सोल्यूशनच्या जागी न फोडलेलं, हात पुसून काळ्या झालेल्या कापडाच्या जागी धुतलेलं. हे घरी गेल्यावर करू म्हटलं की घरी गेल्यावर दुसरा फोन आलेला असतो. गावातली नवी पोरं आमच्या धंद्यात येतात, पंक्चरचं किट कुठलं घेऊ विचारतात, आणि मी त्यांना किटचं नाव सांगत नाही. विचारतो, तुझ्या भागात शेवटची रेंज कुठं आहे, आणि तू नाही पोचलास तर गाय कोण भरणार? याचं उत्तर असलेल्या पोराला किट कुठलंही चालतं.